एकोणीसपट वळसा

दुपारी पावणेपाचला पडद्यावरची पावलांची एक रांग प्रभातनगरच्या मागच्या भिंतीपाशी आली, जरा थबकली आणि नाहीशी झाली.

“आता बघ!” डॉ. फरहाना इनामदार खुर्चीतून अर्धी उठली होती. “नऊ... दहा... अकरा...”

बाराव्या सेकंदाला तीच पावलं भिंतीच्या पलीकडे उमटली आणि पेरूच्या बागेच्या बांधावरून झपाझप पूर्वेकडे निघाली.

“भिंतीतून गेली!” ऋतुजा ठोंबरे ओरडलीच. शेजारच्या टेबलांवरची दोन डोकी वर झाली. “अगं, सहा फुटी भिंत आहे ती. अठरा वर्षं मी तिच्या अलीकडे राहतेय!”

“आणि रोज एकसष्ट माणसं तिच्यातून आरपार जातात,” फरहाना हसून म्हणाली. “अभिनंदन. तुझ्या कॉलनीत भुतं राहतात.”

ऋतुजा अंबापूर महापालिकेच्या नगररचना विभागात आरेखक होती. सतरा वर्षांत नव्या वसाहतींचे हजारभर नकाशे तिच्या हाताखालून गेले होते. शहर पंधरा वर्षांत सहा लाखांचं एकोणीस लाखांवर पोचलं होतं आणि २०४३ साल उजाडलं तरी त्याचा पसारा आवरत नव्हता. शेत विकलं जाई, कुंपण पडे, फाटक लागे आणि आत गोल वळून परत फाटकाशीच येणारा रस्ता तयार होई. अशा चारशे बारा वसाहती होत्या. पण त्यांतून माणसं नेमकी चालतात कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून विद्यापीठातून फरहाना आली होती. दोन महिने दोघी एकाच टेबलावर डबा खात होत्या आणि अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं.

फरहानाचं यंत्र ऐकायला जादूसारखं वाटे, पण होतं साधं. इंटरनेटच्या केबली शहरभर जमिनीखाली पसरलेल्याच होत्या. केबलीतली काचेची तार केसाएवढी बारीक. तिच्यात प्रकाशाचा झोत सोडला, की त्याचा अगदी थोडा अंश वाटेत जागोजागी आपटून मागे येतो. वर रस्त्यावर कुणी पाऊल टाकलं, तर जमीन कणभर थरथरते, तार कणभर ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. तो बदल किती वेळानं परत आला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. जणू शहराच्या तळाशी दर पाच मीटरला एक कान लावून ठेवलाय. कोण चाललं ते या कानांना समजत नसे, आणि समजावं अशी सोयही फरहानानं मुद्दाम ठेवली नव्हती. फक्त कुठून कुठे, एवढंच.

“हे शेवटचं पाऊल मोठं करून ऐकवते,” फरहाना म्हणाली. “याची लय गंमतशीर आहे.”

स्पीकरमधून ठोके आले. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड.

ऋतुजाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. यंत्राला माणूस ओळखू येत नव्हता, पण तिला येत होता. ही लय ती लग्न झाल्यापासून रोज जिन्यावर ऐकत होती. तिचा नवरा कपिल असाच चालायचा.

*

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि साडेचारलाच पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. कपिल कारखान्यात सकाळच्या पाळीला असे. संध्याकाळी मित्राकडे कॅरम खेळायला जातो, असं तो घरी सांगत असे.

पावणेपाचला तो आला. टाकीमागचा गंजका पत्रा त्यानं बाजूला सरकवला. मागे भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं, कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. त्याच्यामागे धुण्याभांड्याला येणाऱ्या दोन बायका आणि दप्तर घेतलेल्या तीन मुली चक्क रांगेत उभ्या होत्या. ऋतुजाला पाहून त्यांतली एक बाई जीभ चावून म्हणाली, “अगंबाई, अध्यक्षांची सून!”

म्हणजे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सोसायटीच्या अध्यक्षांना आणि त्यांच्या सुनेला.

कपिलनं तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “चल. बघूनच घे.”

पेरूच्या बागेतून चार मिनिटांत दोघं एका मोकळ्या मैदानावर पोचली. पलीकडच्या वाघचौरे मळ्याच्या वस्तीचं ते मैदान. वीसेक मुली खो-खोच्या पाटीत बसल्या होत्या. कपिलला बघताच त्या ओरडल्या, “सर आले!”

“तू खो-खो शिकवतोस?” ऋतुजानं विचारलं.

“सहा वर्षं झाली. या वर्षी राज्य स्पर्धेला चाललोय आम्ही.” त्याचा चेहरा असा उजळलेला तिनं क्वचितच पाहिला होता. “मला पळता येत नाही, पण पळायचं कसं ते अजून विसरलो नाही.”

“मग गाडीनं का येत नाहीस? चोरासारखा भोकातून?”

“फाटकातून बाहेर, हायवे, उड्डाणपूल, परत मागे. पाच किलोमीटर आठशे मीटर, संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास. इथून तीनशे दहा मीटर.” त्यानं मागे भिंतीकडे बोट दाखवलं. “आणि बाबांना कसं सांगू? ती भिंत त्यांनी माझ्यासाठी बांधलीय.”

ते खरंच होतं. २०१२ साली प्रभातनगरचा रस्ता पलीकडे उघडाच होता. हायवे तुंबला, की टेम्पो आणि डंपर त्या रस्त्यानं सुसाट निघत. अकरा वर्षांचा कपिल चेंडू आणायला धावला आणि एका टेम्पोखाली त्याचा उजवा पाय सापडून कायमचा अधू झाला. तो दवाखान्यात असतानाच दिगंबर ठोंबऱ्यांनी, म्हणजे कपिलच्या बाबांनी, लोकांच्या सह्या गोळा केल्या आणि स्वतः विटा वाहून भिंत घातली. गेली एकतीस वर्षं ते सोसायटीचे अध्यक्ष होते आणि कॉलनीत एकही अपघात झाला नव्हता.

*

त्या आठवड्यात फरहानानं यंत्राचा दुसरा भाग चालू केला. त्याचं नाव तिनं ‘सांधा’ ठेवलं होतं. जगभरच्या शहरांची साठ वर्षांची उपग्रहचित्रं पचवून सांधा शहर कसं वाढतं ते शिकला होता. आता त्यात पावलांची माहिती घातली, की तो अंबापूर पुढे चालवून दाखवणार होता.

“शहरात सगळ्यात हट्टी गोष्ट कुठली, सांग,” फरहानानं विचारलं.

“माणसं?”

“रस्ते! घर पडतं, दुकान बदलतं, गिरणी जाऊन मॉल येतो. रस्ता मात्र जिथे पहिल्यांदा आखला तिथेच शंभर-दोनशे वर्षं राहतो.”

“राहणारच. त्याच्या कडेला चारशे सातबारे उभे असतात,” ऋतुजा म्हणाली. हे तिला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

“बरोबर. आणि दुसरी गोष्ट. बंदपणाची लागण होते. एका वसाहतीनं भिंत घातली, की शेजारच्या जमिनीला त्या बाजूनं जोडायला रस्ताच उरत नाही. मग तीही पाठ फिरवते. मग तिच्या पलीकडची. हे बघ.”

पडद्यावर वर्षं सरकू लागली. २०५०, २०६०, २०७०. पूर्वेकडे शहर झाडासारखं फुटत गेलं. एका खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला फाटक. शेजारच्या घरी जायचं तरी खोडापर्यंत खाली या आणि परत वर चढा. हवेतलं अंतर एक, तर चालायचं अंतर सरासरी सात. प्रभातनगरच्या मागे आज तो वळसा जवळजवळ एकोणीसपट होता.

“आता मी एकच गोष्ट बदलते.” फरहानानं प्रभातनगरच्या भिंतीवर बोट ठेवलं आणि तेवढा तुकडा पुसला.

झाडाची जाळी झाली. बागेतला नवा रस्ता भिंतीतून आलेल्या रस्त्याला मिळाला, त्याला उत्तरेचा मिळाला, त्याला आणखी दोन. २०७० साली वळसा दीडपटीवर आला. मोठे रस्ते ओस पडले नाहीत, पण तुंबलेही नाहीत. दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर उगवली.

सतरा वर्षं ऋतुजानं रेघा ओढल्या होत्या. एक रेघ न ओढल्यानं इतकं काही घडू शकतं, हे तिनं आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

“चारशे बारांतली हीच का?”

“कारण बाकी भिंतींपलीकडे घरं उठलीत. इथे अजून बाग आहे.”

“फार दिवस नाही राहणार,” ऋतुजा म्हणाली. बाग शोभाताई वाघचौऱ्यांची होती. सव्वीस एकरांवर वसाहत करण्याचा त्यांचा नकाशा ऋतुजाच्याच टेबलावर पडला होता आणि एकवीस तारखेला मंजूर व्हायचा होता. नियम स्पष्ट होता. जमिनीच्या हद्दीला उघडा रस्ता येऊन भिडत असेल, तर नव्या वसाहतीनं त्याला जोडून घ्यायचं. भिंत असेल, तर जोडायचं कशाला? प्रभातनगरचा रस्ता सोसायटीच्या मालकीचा होता. सोसायटीनं एकवीस तारखेच्या आत ठराव केला नाही, तर बागेत प्लॉट पडणार, खुंट रोवले जाणार, आणि पुढची शंभर वर्षं तो प्रश्न मिटला.

हातात अठरा दिवस होते.

*

दिगंबरराव सत्तरी ओलांडलेले, वीजमंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. सकाळच्या चहाला ऋतुजानं त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि झाडाची जाळी करून दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. मग कप बशीत ठेवला.

“यात कपिलचा पाय कुठे दिसतो?”

“बाबा, मी...”

“तो दवाखान्यात रात्र रात्र ओरडायचा. तू तेव्हा नव्हतीस या घरात. तुझ्या यंत्राला सांग, म्हणावं म्हातारा ऐकत नाही.” ते उठून अंगणात गेले.

ऋतुजा कामावर गेली, पण दिवसभर तिचं लक्ष लागेना. सासऱ्यांनी विचारलं होतं ते खोटं नव्हतं. यंत्रात तो पाय दिसायलाच हवा होता. संध्याकाळी निघता निघता ती फरहानाला म्हणाली, “सांधा पुढे चालतो. मागे चालेल का?”

फरहानानं उचललेली पिशवी परत खाली ठेवली. “अगं, का नाही?”

दुसऱ्या दिवशी दोघींनी २०१२ सालचं अंबापूर उभं केलं. जुन्या मोजण्या, जुनी चित्रं, हायवेचं काम कधी चालू होतं त्याच्या नोंदी. उत्तर आलं तेव्हा ऋतुजा घरी जायला धावतच सुटली.

दिगंबरराव गच्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. ती धापा टाकत समोर बसली.

“बाबा, त्या वर्षी हायवेपासून नदीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या पट्ट्यात पलीकडे जायला एकच वाट होती. आपली. बाकी सगळीकडे कारखान्यांची कुंपणं. दिवसाला दोन हजार तीनशे गाड्या आपल्या दारातून जात होत्या. तशाच आणखी पाच वाटा असत्या, तर आपल्या वाट्याला दीडशेसुद्धा आल्या नसत्या. तेही हळू, कारण घाईच्या माणसाला इथून काही फायदाच नसता.”

दिगंबररावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग एकदम म्हणाले, “कागद आण.”

त्यांनी कागदावर एक रेघ ओढली. शेवटाला एक ठिपका. “हा रेडियल फीडर. वीज एकाच बाजूनं येते. तार तुटली, की पुढचं सगळं अंधारात.” मग शेजारी एक वर्तुळ काढलं, त्याला आडव्या तारा जोडल्या. “हे रिंग. एक तुटली तर दुसरीकडून. लोड वाटला जातो, कुठलीच तार तापत नाही. तीस वर्षं मी गावोगाव हेच करत फिरलो.” त्यांचा हात कागदावर थांबला. “एकाच तारेवर अख्ख्या गावाचा लोड टाकला, तर ती जळणारच. माझ्या पोराचा पाय ओव्हरलोडनं गेला.”

“हो, बाबा.”

“आणि मी काय केलं? तीही तार कापली.”

“तुम्ही एकटे काय करणार होतात? त्या दिवशी भिंतच बरोबर होती,” ऋतुजा म्हणाली. “पण आज पलीकडे बाग आहे. आज पाचही तारा ओढता येतात.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. फक्त म्हणाले, “सभेला मी अध्यक्ष आहे. मी कुणाची बाजू घेणार नाही. तुझं तू मांड.”

*

रविवारी सकाळी दहाला सोसायटीचं सभागृह गच्च भरलं. घरं शहाण्णव, ठरावाला मतं हवीत चौसष्ट. ऋतुजानं भिंतीवर २०७० साल दाखवलं तेव्हा लहान मुलं टाळ्या वाजवत होती, पण मोठ्यांचे चेहरे आक्रसलेले होते.

“चोऱ्या होतील त्याचं काय?” पहिल्या गल्लीतले देशमाने उभे राहिले. “आणि शांतता? आम्ही शांततेचे पैसे मोजलेत, मॅडम.”

“गाड्या येतील! आमची नातवंडं रस्त्यावर खेळतात,” एक आजी म्हणाल्या. मागून कुणीतरी पुस्ती जोडली, “अध्यक्षांच्याच घरी विचारा, गाड्या आल्या की काय होतं ते.”

ऋतुजाच्या जिभेवर शब्द आले होते. ती म्हणू शकली असती, की ज्याच्यासाठी भिंत बांधली तोच रोज तिच्यातून वाकून जातो. पण ते तिच्या मालकीचं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून तो आवाज आला. एक लांब, एक आखूड. कपिल पुढे येत होता.

“ते पाण्याच्या टाकीमागचं भोक मी पाडलंय,” तो म्हणाला. “सहा वर्षांपूर्वी, एका रविवारी, छिन्नी-हातोड्यानं. बाबा, तुम्ही तेव्हा आत्याकडे गेला होतात.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

“पलीकडे वीस मुली मी खो-खो शिकवतो. माझा पाय गेला त्या दिवसापासून आपण सगळ्यांनी मला जपलं. पण मला जपण्याच्या नादात त्या मुलींना दवाखाना सहा किलोमीटर लांब गेला, जो आपल्या फाटकाला लागून आहे. मागच्या श्रावणात एकीला साप चावला. तिला मी त्या भोकातून ओढून इकडे आणली. वाचली. रस्त्यानं नेली असती तर नसती वाचली. तुमच्यापैकी सातजणांनी तिला उचलून नेलं होतं. आठवतंय ना? आपण भिंत आधीच पाडलीय हो. फक्त वाकून जातोय.”

दिगंबरराव मुलाकडे बघत होते. त्यांनी माइक स्वतःकडे ओढला.

“अध्यक्ष म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. भिंतीत नऊ फुटांची वाट. पहिल्यांदा फक्त पायी, सायकल आणि अँब्युलन्स. मधे अँब्युलन्सपुरता काढता येईल असा खांब. बागेतून निदान चार रस्ते बाकी शहराला जोडले जात नाहीत, तोवर एकही गाडी आत घ्यायची नाही. एकाच तारेवर लोड नको.” मग हळू आवाजात म्हणाले, “आणि हा ठराव मी स्वतः मांडतो. हात वर करा.”

ऋतुजा मोजू लागली. पन्नाशीपर्यंत हात भराभर गेले. साठावर थांबले. एकसष्ट. बासष्ट. देशमान्यांच्या बायकोनं नवऱ्याकडे न बघता हात वर केला. मग ती आजी. मग त्यांच्या मागची अख्खी रांग.

एकाहत्तर.

खो-खोच्या मुली दारातूनच ओरडल्या. त्या केव्हाच्या बाहेर उभ्या होत्या, भोकातून आलेल्या.

*

ठराव एकोणीस तारखेला ऋतुजाच्या टेबलावर आला आणि वीस तारखेला सकाळी भिंत फुटली. दुपारपर्यंत फरहानाचे तीन फोन झाले. “बाराशे! अगं, आता चौदाशे! केबल नुसती गुणगुणतेय!” संध्याकाळी आकडा एकोणीसशे चारवर गेला, आणि त्यातली बहुतेक माणसं आजवर त्या दिशेला कधी गेलीच नसणार. कुणी भाजीला, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतंच पलीकडे काय आहे ते बघायला.

सगळं काही गोड झालं नाही. देशमाने पुढे वर्षभर ऋतुजाशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या खिडकीखालून शाळेच्या पोरांचा गलका जायचा तो जायचाच.

एकवीस तारखेला शोभाताई वाघचौरे कचेरीत आल्या. डोक्यावर पदर, हातात नकाशाची नळी, आणि मागे घामाघूम झालेला त्यांचा वास्तुविशारद.

“तुमच्यामुळं सगळा नकाशा परत काढावा लागला,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “चार प्लॉट गेले माझे.”

ऋतुजा माफी मागायच्या बेतात होती, पण शोभाताईंनी नकाशा टेबलावर पसरला. पश्चिमेला प्रभातनगरची वाट जोडलेली होती. दक्षिणेला दोन रस्ते, पूर्वेला मैदानाकडे दोन. एवढं नियमात होतं. पण उत्तरेकडे आणखी तीन रस्ते होते, जे कुठेच जात नव्हते. बांधापर्यंत येऊन नुसते थांबले होते.

“हे काय, शोभाताई? पलीकडे तर ज्वारी उभी आहे. इथे जोडायची सक्ती नाही तुमच्यावर.”

“ठाऊक हाय.” शोभाताईंनी नकाशावरच्या त्या तीन टोकांवरून बोट फिरवलं. “काल दिवसभर बांधावर बसून बघत होते. त्या वाटेनं माणसं नुसती वाहत होती. आज ना उद्या ज्वारीच्या जागी बी कोणतरी राहायला येणार. कोण ते मला काय माहीत? पण येईल त्याला माझी भिंत आडवी नको.”

वास्तुविशारदानं कपाळ पुसलं. “मॅडम, मी त्यांना सांगितलं होतं...”

“असू द्या,” ऋतुजा म्हणाली.

नकाशावर रस्ता संपतो तिथे आडवी रेघ मारून तो बंद दाखवायचा, ही तिची सतरा वर्षांची सवय होती. पेन आपोआप त्या पहिल्या टोकाशी गेलं. तिनं ते उचललं, तिन्ही टोकं तशीच उघडी ठेवली आणि खाली सही केली.